डावा हात वर करणाऱ्यांचे सर

लोंढे सर गेल्याचं मला कळलं ते विद्यापीठाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. ग्रुपचं नाव 'माजी विद्यार्थी परिवार'. परिवार म्हणायचं आणि वर्षभर जाहिराती पाठवायच्या, असला तो परिवार. मे महिन्यातली सकाळ होती, मी ओट्याशी उभी राहून डबा भरत होते. आधी 'बी.एड. प्रवेश सुरू, मोजक्याच जागा' असं रंगीत पत्रक आलं. ते मी नेहमीसारखं न वाचताच वर सरकवलं, तर पाठोपाठ दुसरं. तीच निळी चौकट, वरच्या कोपऱ्यांत अध्यक्षांचा आणि संचालकांचा तोच गोल फोटो, आणि मधोमध लोंढे सर. मला क्षणभर वाटलं, सरांना कसला तरी पुरस्कार मिळाला. चला, उशिरा का होईना कुणाला तरी अक्कल आली, असंही मनात येऊन गेलं... मग खालचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाचलं. दोन्ही पत्रकं एकाच माणसाने एकाच बैठकीत केली असणार. चौकटीचा रंगसुद्धा बदलावासा वाटला नाही त्याला.

खाली धडाधड जोडलेल्या हातांची चित्रं पडू लागली. ज्यांनी ती टाकली त्यांतल्या बहुतेकांनी सरांचा एकही तास केलेला नाही. हे मी रागाने लिहिते आहे आणि राग गिळून लिहायचा प्रयत्नही करणार नाही. सरांना जाऊन आता काही आठवडे झाले. वाटलं होतं, थोडे दिवस जाऊ दिले की मन निवेल आणि चार शब्द नीट लिहिता येतील. निवलं नाही.

लोंढे सर आम्हाला गणित पद्धती शिकवायचे. बाहेरच्या माणसाला हे जरा उलगडून सांगावं लागतं. बी.एड.ला नुसतं 'शिकवायचं कसं' हे शिकवून भागत नाही. आपापला विषय शिकवायचा कसा, हेही शिकवायचं असतं. इतिहासवाल्याची इतिहास पद्धती, गणितवाल्याची गणित पद्धती. कागदावर तरी असं आहे. मी ज्या छोट्या खाजगी विद्यापीठात हे शिकले त्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर ते लोक तेही जाहिरातीत घालतील. हायवेला लागून आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला मंगल कार्यालय, आणि तिन्हींचे मालक एकच. एकाच इमारतीत इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, आणि सगळ्यांच्या डोक्यावर, गच्चीच्या खालच्या मजल्यावर, आमचं बी.एड. उन्हाळ्यात तिथला पंखा वरची गरम हवा खाली ढकलण्याचं काम इमानेइतबारे करायचा. लग्नाची तिथी असली की शेजारी बँड सुरू व्हायचा आणि वऱ्हाडाच्या गाड्या आमच्या मैदानात लागायच्या. बँड वाजत असला की लोंढे सर ओरडून शिकवत नसत. तेवढा वेळ ते फळ्यावर लिहून बोलायचे, आम्ही वहीत लिहून उत्तर द्यायचो. नवरदेव एकदाचा मांडवात गेला की आवाज परत सुरू.

प्रवेशाच्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनी मान वर न करता मला विचारलं होतं, 'अटेंडिंग का नॉन-अटेंडिंग?' मला वाटलं, मेसचं वगैरे काहीतरी असेल. मी म्हटलं, 'रोज येणार.' तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मला नीट न्याहाळून घेतलं. नॉन-अटेंडिंग म्हणजे प्रवेश इथला, पदवी इथली, माणूस मात्र आपल्या घरी नाहीतर नोकरीवर. परीक्षेला तेवढं यायचं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कुठेही लिहिलेली नसते. मी राहुरीजवळच्या एका खेड्यातली, घरी सांगून आलेली की कॉलेज रोज असतं. त्यामुळे मला रोज जाणं भागच होतं. रफिक श्रीगोंद्याकडचा, त्याच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तो रोज यायचा, कारण त्याला खरोखर मास्तर व्हायचं होतं. हल्ली असं कुणी सांगितलं तर लोकांना हसू येतं. तर गणित पद्धतीचा आमचा अटेंडिंग वर्ग म्हणजे आम्ही दोघं.

पहिल्या तासाला सर आत आले. उंच, किडकिडीत माणूस, मूळचे पाथर्डीकडचे, शर्टाच्या खिशावर खडूचा न जाणारा डाग. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दोघंच आहात तर चला, स्टाफरूममध्ये बसू. सरांनी फळा पुसला, तारीख टाकली आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात शिकवायला लागले. रफिकला राहवेना. तो म्हणाला, 'सर, आम्ही पुढेच आहोत.' सर म्हणाले, 'तुम्ही पुढे आहात रे. पण तुम्ही जिथं शिकवाल तिथं मागचा बाक असणार. त्याची सवय आधी मला ठेवू दे, मग तुम्हाला लावतो.' सर काही गोडबोले नव्हते. कौतुक करायला त्यांच्या जिवावर यायचं, गुण द्यायला त्याहून. तयारी न करता उभं राहिलं तर खडू ठेवून सरळ वर्गाबाहेर जायचे. रफिक एकदा त्यांच्या बोलण्याने रडला होता. पण ते दुसऱ्या दिवशी यायचे, आणि दुसऱ्या दिवशी येणारा दुसरा कुणी त्या मजल्यावर नव्हता.

सूक्ष्म पाठ ही बी.एड.ची जुनी रीत. एकाने थोडा वेळ शिकवायचं, बाकीच्यांनी शाळेतली पोरं होऊन बाकावर बसायचं. ही पोरं सगळीकडे फार गुणी असतात. विचारलं की बरोबर उत्तर देतात, कारण उद्या त्यांचा पाठ असतो आणि परतफेड हवी असते. आमच्यातला एक उभा राहिला की बाकावर एकच उरायचा, म्हणून सर स्वतः येऊन तिसऱ्या बाकावर बसायचे. चष्मा काढून खिशात घातला की ते 'बबन' व्हायचे. सहावीतला बबन. आणि हा बबन एक उत्तर बरोबर देईल तर शपथ. मी अपूर्णांकांची बेरीज घेत होते, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. बबन डावा हात वर करून ओरडला, 'बाई, लई सोपं हाय! वरचे वर मिळिवले, खालचे खाली मिळिवले. दोन छेद पाच. झालं की!'

मी म्हटलं, 'चूक. आधी छेद समान करायचे.'

'का वो?'

'नियम आहे.'

'कुनी केला?'

सरांनी चष्मा चढवला आणि बबनचे परत सर झाले. 'वैशाली, तू चूक म्हणालीस आणि पुढे निघून गेलीस. तो तिथंच बसून राहिला. आपल्या बाकावरच्या दोघांपैकी एक आणि शेजारच्या बाकावरच्या तिघांपैकी एक गैरहजर, तर एकूण कितीपैकी किती? पाचापैकी दोन. मग त्याचं चुकलं कुठं? पोरगं चुकत नसतं गं. ते दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं बरोबर उत्तर देत असतं. तो प्रश्न कोणता, हे हुडकायचं. गणिताच्या मास्तराचं अर्धं काम तेच.' त्यांची पद्धत अशी की चुकलेलं उत्तर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहायचं आणि मास्तराने ते पुसायचं नाही. ज्याचं असेल त्याला कळेपर्यंत ते तिथं राहील, आणि कळलं की तोच येऊन पुसेल. दुसऱ्या दिवशी मी तयारी करून आले. म्हटलं, 'बबन, तू अर्धी भाकरी खाल्लीस. मग वर आणखी तिसरा हिस्सा खाल्लास. तुझं उत्तर दोन छेद पाच, म्हणजे अर्ध्याहून कमी. खाता खाता भाकरी परत ताटात आली का रे?' बबन बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मग उठला, फळ्याशी आला आणि आपल्या हाताने ते उत्तर पुसून जागेवर जाऊन बसला. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो पुढे नोकरी लागल्यावरही झाला नाही.

संचालकांना हे सगळं म्हणजे रिकामा उद्योग वाटायचा. त्यांचं म्हणणं, अध्यापन म्हणजे अध्यापन, विषय कोणताही असो. सगळ्या पद्धती एकत्र करा, एक प्रोजेक्टर लावा, एक माणूस पुरे. एकदा ते आमच्या तासाला दारात उभे राहून हेच सरांना सांगत होते, तेव्हा सर म्हणाले, 'साहेब, ऊसतोडीचा कोयता घेऊन कुणी भाजी चिरायला बसत नाही.' संचालक हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. सर पुढेही म्हणाले, 'आणि जे वर्गात येत नाहीत त्यांचे सराव पाठ मी बघितले असं मी म्हणणार नाही. बघितलेच नाहीत, तर कसं म्हणू?' एवढं साधं वाक्य. पण त्या इमारतीत ते आजवर कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

वार्षिक पाठाच्या परीक्षेसाठी आम्हाला जवळच्या गावातली एक शाळा दिलेली होती. आपल्याकडे कित्येक शाळांत एक व्यवस्था असते. साहेब येणार असले की पोरांना सांगून ठेवतात, प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतंय त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. पाहुण्याला वाटतं, काय हुशार वर्ग! आणि शिकवणारा उजवा हात बघून नाव घेतो. सरांनी आम्हाला पहिल्याच महिन्यात हे सांगितलं होतं. बबन कायम डावा हात का वर करतो, हे तेव्हा कळलं. ते म्हणाले होते, 'मास्तरांनीच तुमची सोय करून ठेवली आहे. कुणाला येत नाही हे हुडकायलाही नको. डावा दिसला की तिथंच जायचं.'

परीक्षेच्या दिवशी शाळेचं मैदान गाड्यांनी भरलं. वर्षभर न दिसलेले सहाध्यायी उतरले, कुणाच्या मागे नवरा, नवऱ्याच्या काखेत थर्माकोलचा त्रिकोण. सगळे त्रिकोण एकाच दुकानातले. त्यांच्या पाठांची त्याच वर्गावर आदल्या दिवशी रंगीत तालीम होऊन गेलेली, पोरांना उत्तरं पाठ. माझी पाळी आली. मागच्या भिंतीशी बाहेरून आलेले परीक्षक, शेजारी संचालक, आणि शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसलेले लोंढे सर. मी एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिलं, प्रश्न विचारला, अख्ख्या वर्गाचे हात वर गेले. सगळे उजवे, खिडकीजवळच्या एका मुलीचा डावा. कोमल तिचं नाव. मी तिच्यापाशी गेले, म्हटलं, 'तू सांग.' ती बावरली. हात खाली घेतला, परत वर केला, तोच डावा, आणि मला नीट दिसावा म्हणून जरा हलवून दाखवला. तरी मी हलेना. तेव्हा कळवळून मोठ्याने म्हणाली, 'बाई, माझा डावा हाय! मला न्हाई इचारायचं!'

वर्ग खुदखुदला. परीक्षकांनी विचारलं, 'डावा म्हणजे काय?' आता या गृहस्थांची उभी हयात शाळा तपासण्यात गेलेली. त्यांना डावा म्हणजे काय हे ठाऊक नसेल? पण चारचौघांत विचारणं आलं. आणि ती बिचारी खरं सांगून मोकळी झाली. 'येतंय त्यानं उजवा करायचा, येत न्हाई त्यानं डावा. मोठ्या सरांनी सांगितलंय, पावने आले की असंच करायचं.' दाराशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मागच्या बाकावर लोंढे सर एकटे खो खो हसत होते. त्यांना इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी कोमलला म्हटलं, 'असू दे. मला डावाच हवा होता. तुझं उत्तर किती आलं?' ती पुटपुटली, 'दोन छेद पाच.' मी ते फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलं आणि तिला भाकरीचं विचारलं. ती विचारात पडली. बोटांनी हवेत भाकरी मोडायला लागली. आणि तेवढ्यात परीक्षक उठले. 'चुकीचं उत्तर फळ्यावर लिहायला कुणी शिकवलं तुम्हाला? पुसा आधी ते!'

सर उभे राहिले. 'मी शिकवलं. ते वैशाली पुसणार नाही, ती पोरगी पुसेल. थोडं थांबा.'

'वेळ संपली,' संचालक म्हणाले.

'साहेब, सकाळपासून या वर्गात पाठावर पाठ झाले. त्यात शिकायला म्हणून ही एकटी बसली आहे. तिला तरी अर्ध्यात सोडू नका.'

संचालकांनी शिपायाला खूण केली आणि शिपायाने येऊन फळा पुसला. कोपऱ्यासकट. कोमल हातातली अर्धी मोडलेली न दिसणारी भाकरी घेऊन बसून राहिली. तिला ते कधी कळलं की नाही, मला माहीत नाही.

मी कशीबशी पास झाले. माझ्या शेऱ्यात 'फलकलेखन सदोष' असं आलं. ज्यांच्या नवऱ्यांनी त्रिकोण वाहून आणले त्यांचं फलकलेखन उत्तम होतं. सरांवर काय आलं ते आम्हाला निकालानंतर कळलं. संस्थेची बदनामी केली, असं ठरलं. नव्या वर्षापासून गणित पद्धती स्वतंत्र राहिली नाही. 'एकत्रित पद्धती' नावाचा एक तास सुरू झाला, आणि लोंढे सरांना प्रवेश विभागात टाकलं. म्हणजे पिशवीत पत्रकं घ्यायची आणि गावोगावच्या कॉलेजांत, बसस्टँडवर, मेळाव्यांत जाऊन पोरं गोळा करायची. सरांचं वय पन्नाशीच्या पुढे. या वयात दुसरीकडे कोण घेतो? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथे दळणारा डोळस होता, हे जास्त वाईट.

त्यांची आणि माझी शेवटची भेट या उन्हाळ्याच्या सुरुवातीला संगमनेरला झाली. मी इथल्याच एका खाजगी शाळेत गणित शिकवते, तात्पुरत्या नेमणुकीवर. आमच्या शाळेजवळ कुठल्यातरी करिअर मेळाव्याचा मांडव पडला होता. मधल्या सुट्टीत मी आत डोकावले, तर एका टेबलामागे सर. डोक्यावर 'प्रवेश सुरू' असं छापलेली भगभगीत टोपी. ती त्यांना लहान होत होती, सारखी वर सरकत होती, आणि ते ती पुन्हा पुन्हा खाली ओढत होते. मला पाहून त्यांनी ती काढली. नुकतीच बी.एस्सी. झालेली एक मुलगी त्यांच्यासमोर उभी होती. तिने विचारलं, 'सर, रोज यावं लागंल का?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे त्यांना ऑफिसातून बजावून पाठवलेलं असणार. सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता बबन बोलणार. पण त्यांनी तो शर्टाला पुसून परत चढवला आणि म्हणाले, 'यावं लागतं. गणित असेल तर जास्तच.' मुलीने मान डोलावली आणि शेजारच्या टेबलाकडे गेली. तिथला तरुण तिला खुर्ची देत म्हणाला, 'काही गरज नाही मॅडम, नुसतं परीक्षेला या.'

सर माझ्याकडे बघून म्हणाले, 'बघ. अजून एक गेली.' मग विचारलं, 'डाव्या हाताला विचारतेस का अजून?'

मी म्हटलं, 'विचारते सर. म्हणून तर अजून तात्पुरती आहे.'

ते हसले नाहीत. टेबलावरच्या पत्रकांची चळत उगाच सारखी करत राहिले. मग म्हणाले, 'त्यांनी मला एक वर्ग परत दिला असता ना... दोन पोरांचा असता तरी चाललं असतं.' एवढंच. माझी घंटा झाली, मी निघाले. वळून पाहिलं तर त्यांनी टोपी परत घातली होती.

ते गेल्यावर मी आणि रफिक राहुरीला सरांच्या घरी काकूंना, सरांच्या बायकोला, भेटायला गेलो. रफिक आता सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत माल तपासतो. खोक्यात किती नग कमी ते बघतो. मास्तर व्हायचं होतं त्याला. काकूंनी आम्हाला चहा दिला आणि म्हणाल्या, 'त्या दिवशी प्रवेशाचं फिरून आले, भर उन्हातून. पानी मागितलं. मी आनेपर्यंत...' मग काय आठवलं कुणास ठाऊक, म्हणाल्या, 'भाजीत मीठ जास्त पडलं तर कधी रागावले न्हाईत. म्हनायचे, टाकताना काय इचार केल्ता ते सांग आधी. आता मिठाचा काय इचार सांगायचा मानसानं? लई राग यायचा मला. आता सैपाक करताना मीच मला इचारते.' निघताना काकू म्हणाल्या, 'इद्यापीठाचा मानूस आल्ता लगेच तिसऱ्या दिवशी. मला वाटलं, भेटायला आला. उरलेली पत्रकं आन् ती टोपी घिऊन गेला.'

शोकसभा आठवड्याने झाली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं. सभागृह गच्च भरलेलं. मी दारातच थबकले. नॉन-अटेंडिंग मंडळींना बजावलं होतं की आला नाहीत तर प्रात्यक्षिकाचे गुण विसरा. बायकांनी बी.एड.च्या गणवेशाच्या साड्या नेसल्या होत्या, पिशवीतून काढलेल्या, घड्या तशाच उमटलेल्या, वर्षभरात एकदाही अंगाला न लागलेल्या. जो वर्ग सरांना जन्मभर भरलेला दिसला नाही तो त्यांच्या फोटोसमोर असा भरला. मधोमध टेबलावर फोटो, त्याला झेंडूचा जाड हार. संचालक बोलायला उभे राहिले. उचलली जीभ लावली टाळ्याला. लोंढे सर म्हणजे विद्यापीठाचा कणा, लोंढे सर म्हणजे गणित पद्धतीचं चालतंबोलतं ग्रंथालय. रफिक माझ्या कानात म्हणाला, 'कणा होता तर मोडला कुणी?' मग संचालकांना काय हुक्की आली, म्हणाले, 'सरांच्या हाताखाली घडलेले किती विद्यार्थी आज इथं आहेत? हात वर करा बरं!' फोटोवाला पुढे धावला. आणि एका क्षणात सगळे हात वर गेले. ज्यांनी सरांचा आवाज ऐकला नव्हता त्यांचे, ज्यांना सर उंच होते की बुटके हे सांगता आलं नसतं त्यांचे. झाडून सगळे उजवे. शेजारी बघितलं तर रफिकने हात वर केला होता, डावा. आम्ही ठरवलं नव्हतं. मीही डावा वर केला.

परवा शाळेतून घरी येताना माझ्यापुढे एक रिक्षा उभी होती. तिच्या पाठीवर विद्यापीठाची नवी जाहिरात. 'अनुभवी प्राध्यापक, उत्साही विद्यार्थी, विषयनिहाय पद्धतींचं सखोल शिक्षण.' खाली मोठा फोटो, माणसांनी भरलेलं सभागृह, सगळ्यांचे हात उत्साहाने वर. मला ओळखायला थोडा वेळ लागला. पुढचा सरांचा फोटो कापून टाकलेला होता. पण कापणाऱ्याला घाई झाली असावी, खालच्या कडेला झेंडूची एक पिवळी पट्टी राहून गेली होती. बघणाऱ्याला वाटेल, काहीतरी सजावट आहे. आणि त्या सगळ्या उजव्या हातांच्या गर्दीत, भिंतीकडच्या बाजूला, दोन डावे. इतके दिवस मी रागावलेलीच होते, पण तिथे रस्त्यात उभी राहून मी पहिल्यांदा रडले. सर आत आले असते तर त्या उजव्या हातांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नसतं. सगळ्यांना ओलांडून, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, त्यांनी आम्हालाच विचारलं असतं, 'तू सांग.' म्हणून हे सगळं सांगितलं.